वॉर्सा–लिस्बनचा तिसरा रकाना

युरोपातलं एकही शहर मी पाहिलेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी वॉर्सा, लिस्बन, झुरिक ही नावं आमच्या सिन्नरच्या गल्ल्यांसारखी घेणार आहे आणि वाचणाऱ्याला वाटेल, हा गृहस्थ बराच हिंडलेला दिसतो. मी हिंडलेलो नाही. मी सव्वीस वर्षं दोह्यात आहे आणि सव्वीस वर्षं दुसऱ्यांना हिंडवतो आहे.

एका इंजिनिअरिंग कंपनीचा ट्रॅव्हल डेस्क मी सांभाळतो. गॅसच्या प्रकल्पांना आमची कंपनी पंप, व्हॉल्व्ह, कॉम्प्रेसर बसवून देते. यातली बरीच यंत्रं युरोपात बनतात. ती जहाजावर चढण्याआधी आमच्या माणसाने कारखान्यात जाऊन, समोर चालवून पाहून, कागदावर सही करायची असते. एका खेपेत दोन कारखाने उरका, असा साहेबांचा आग्रह. सोमवारी पोलंडमधला पंप, गुरुवारी पोर्तुगालमधला व्हॉल्व्ह. त्यामुळे माझ्या टेबलावर रोज येणारा प्रश्न एकच: या शहरातून त्या शहरात विमानाने अंतर किती आणि वेळ किती?

अंतराचं सोपं आहे. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवू नये, एवढं पाळलं की झालं. विमान पृथ्वीच्या गोलाईवरून जातं आणि नकाशा सपाट असतो. ती अंतरं आम्हाला तयार मिळतात. वॉर्सा ते लिस्बन दोन हजार सातशे पन्नास किलोमीटर, पाच-दहा इकडेतिकडे. वेळेसाठी माझा एक हातचा हिशोब आहे. किलोमीटरला आठशेने भागा आणि त्यात अर्धा तास मिळवा. हा अर्धा तास विमान जमिनीवर रांगतं त्याचा. पश्चिमेकडे जात असाल तर वारा बहुतेक समोरून येतो, म्हणून आणखी पंधरा-वीस मिनिटं धरा. वॉर्साहून लिस्बनला चार तास वीस मिनिटं, उलट येताना चार. मी हे तोंडी सांगतो आणि मग संगणकावर ताडून पाहतो. फार तर दहा मिनिटांचा फरक निघतो. या गोष्टीचा मला अभिमान आहे, तो लपवत नाही.

तिकिटावर मात्र हे आकडे दिसत नाहीत. तिथे निघायची वेळ निघायच्या गावची असते आणि पोचायची पोचायच्या गावची. लिस्बनचं घड्याळ वॉर्साच्या एक तास मागे. आमचे ज्येष्ठ इन्स्पेक्टर कुरियन साहेब, कोट्टायमचे, व्हॉल्व्हमधला केसाएवढा दोष ओळखणारे. एकदा वॉर्साहून लिस्बनला आणि परत वॉर्साला, असा दौरा करून आले आणि तिकीट माझ्यासमोर आपटलं.

"वाघचौरे, जाते वक्त तीन घंटा बीस मिनट. आते वक्त पाँच घंटा. वापसी में पुराना जहाज दिया क्या?"

मी कागदावर दोन घड्याळं काढून समजावलं. त्यांनी लक्षपूर्वक ऐकलं, मान हलवली आणि विचारलं, "ठीक है. लेकिन बीच का वो एक घंटा कौन रखता है?"

"लिस्बनवाले," मी म्हणालो.

"अगली बार उनसे वापस लेके आऊँगा," असं म्हणून गेले. अजूनही पोर्तुगालला निघाले की मला बजावतात, "तुम्हारा घंटा लाता हूँ."

माझ्याकडे एक वही आहे. संगणक असताना वही कशाला, असं सगळे विचारतात. तिच्यात शहरांच्या प्रत्येक जोडीला एक ओळ आणि तीन रकाने आहेत. पहिला अंतराचा, दुसरा विमानाच्या वेळेचा. तिसरा रकाना मी आखला नव्हता, तो मला मारुतीने आखायला लावला.

मारुती आमच्याकडे रिगर होता. क्रेनने माल उचलताना खाली उभं राहून दोर बांधणारा आणि हाताने इशारे करणारा माणूस. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातला. तेव्हा माझा डेस्क इंडस्ट्रियल एरियात, कामगारांच्या कॅम्पला लागून असलेल्या पोर्टा केबिनमध्ये होता. मुलीच्या साखरपुड्याला जायचं म्हणून तो तिकीट मागायला आला. मी नेहमीच्या तोऱ्यात सांगितलं, "दोहा ते मुंबई दोन हजार तीनशे किलोमीटर. तीन तास वीस मिनिटं."

तो हलला नाही. डोक्यावरचं हेल्मेट काढून हातात धरलं.

"त्ये इमानाचं ऱ्हाऊ द्या सायेब. म्या घराच्या उंबऱ्यात कवा पाय ठिवनार, येवढं सांगा."

मी कागद पुढे ओढला. मग दोघांनी बसून हिशोब केला. कॅम्पची बस, विमानतळावर तीन तास आधी, विमान, मुंबईचं इमिग्रेशन, पट्ट्यावरची बॅग, पाटणची एसटी, पुढे वडाप जीप, शेवटी अर्धा तास चढ. एकोणीस तास निघाले. मी म्हटलं, "मग बुधवारी रात्रीचं दिलं तरी गुरुवारी संध्याकाळी पोचतोस. साखरपुडा शुक्रवारी सकाळी. बसतंय."

"मंगळवारचं द्या."

"अरे, बसतंय की."

"इमान आपल्या हातात नसतंय सायेब," तो म्हणाला. "आदला दिस असतोय."

मंगळवारचं दिलं. त्या दिवशी वहीत तिसरा रकाना आखला आणि वर लिहिलं, 'उंबरा ते उंबरा'. तो मी स्वतः भरत नाही. जो माणूस जाऊन येतो त्याला विचारून भरतो. दाराला कुलूप किती वाजता लावलंस आणि पुढच्या दारात किती वाजता उभा राहिलास? रविवारी सकाळी, आमचा आठवडा सुरू होताना, दौऱ्यावरून आलेले लोक माझ्या टेबलाशी येऊन आपणहून आकडे सांगतात. आता ऑफिस मुशैरिबच्या काचेच्या इमारतीत आलं, माणसं बदलली, पण 'वाघचौरेंचा उंबरा' हा शब्द टिकला. मराठी न कळणारेही 'उंबरा' म्हणतात.

त्याच दिवसापासून माझा एक नियमही झाला. काम असेल तर आकड्यांवर जा. पण लग्न असो, मयत असो, बाळंतपण असो, माणूस आदल्या दिवशी पोचला पाहिजे. शेवटचं विमान नाही, घाईचं कनेक्शन नाही. साहेब कुरकुरले तरी मी हटलो नाही. सव्वीस वर्षांत हा नियम मी एकदाच मोडला आणि तो माझ्या घरात मोडला.

आम्ही अल गराफाला राहतो. एका मोठ्या व्हिलाचे सहा भाग केलेले आहेत, त्यातल्या एका भागात. दोन्ही मुलं इथेच वाढली. इंग्रजी शाळा, दोस्त साऱ्या देशांचे. आम्ही मराठीत विचारायचं आणि त्यांनी इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा घरचा रिवाज होता. इरा थोरली, ओंकार तिच्याहून चार वर्षांनी लहान. ओंकारचं मराठी फार नाही, पण 'ताई' हा शब्द त्याने कधी इंग्रजीत नेला नाही. इरा लिस्बनला शिकायला गेली आणि तिथेच नोकरीला लागली. ओंकार वॉर्साला. दोघांच्या जागा ठरल्या तेव्हा मी वहीत पाहिलं. वॉर्सा–लिस्बन ओळ आधीच होती. पहिले दोन रकाने भरलेले होते. तिसरा रिकामा, कारण आमचे लोक मध्ये कारखाना करत जायचे, थेट घरातून घरात कोणी गेलं नव्हतं. मी शुभांगीला म्हटलं, "हा रकाना आता ओंकार भरेल."

इराने मिगेलशी लग्न ठरवलं. तो तिकडचाच, शाळेत गणित शिकवतो. आम्हाला आवडला. नोंदणी लग्न, फेब्रुवारीतल्या शुक्रवारी दुपारी साडेबाराला, मग पंचवीस माणसांचं जेवण. आमची व्हिसाची अपॉइंटमेंट तारखेच्या आत मिळाली नाही. रोज सकाळी उठून मी अपॉइंटमेंटची वेबसाइट उघडायचो. दुसऱ्यांचे व्हिसा काढून देणारा माणूस, स्वतःच्या मुलीच्या लग्नाला जाऊ शकला नाही. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

मग ठरलं की घरातून ओंकार जाईल आणि कानपिळी तो करेल. आमच्याकडे लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. बहिणीला नीट सांभाळ, नाहीतर गाठ माझ्याशी आहे, एवढं त्यातून सांगायचं. नोंदणी लग्नात विधी कुठला, पण इराने हट्टाने सांगितलं, "बाकी काही नको. मला कानपिळी हवी." मिगेलला कल्पना फार आवडली. त्याला बहीणही नाही आणि मेहुणाही नाही. ओंकारला काही माहीत नव्हतं, म्हणून शुभांगीने व्हिडिओवर माझाच कान धरून दाखवला.

"नुसता धरायचा नाही. पिळायचा. अस्सा. आणि उजवा."

"आई, बाबांचा चेहरा बघ," ओंकार म्हणाला.

"त्यांचा नको बघूस. हात बघ."

अडचण एकच होती. गुरुवारी संध्याकाळपर्यंत ओंकारचं ऑफिसात महत्त्वाचं सादरीकरण होतं. थेट विमान गुरुवारी दुपारी, दुसरं थेट विमान शुक्रवारी उशिरा. "बाबा, मी प्रेझेंटेशन सोडतो. बॉसला सांगतो," तो म्हणाला. आणि मी म्हणालो, "थांब. मी बघतो."

हे 'मी बघतो' माझ्या पेशाचं व्यसन आहे. नवी नोकरी, मुलाचं काम बुडू नये आणि मुलीचं लग्नही चुकू नये, असं काहीतरी मला जमवून दाखवायचं होतं. मी जमवलं. शुक्रवारी सकाळी सहा दहाला वॉर्सा, आठ वीसला झुरिक. तिथून नऊ पाचला निघून अकराला लिस्बन. झुरिकला मध्ये पंचेचाळीस मिनिटं. नियमाने चाळीस पुरतात, पासपोर्टची तपासणी नाही. लिस्बनचा विमानतळ गावातच. सव्वाबाराला तो आंघोळ केल्यासारखा हॉलमध्ये उभा. मारुती डोळ्यांसमोर आला होता, खोटं कशाला सांगू. पण आकडे बसत होते.

त्या शुक्रवारी इथे सुट्टी. शुभांगी सकाळपासून काठापदराची साडी नेसून बसली होती, व्हिडिओसाठी. मी लॅपटॉपवर ओंकारचं विमान पाहत होतो. ते वॉर्सातून हलेना. मी आधी समजलो नाही. दोह्यात विमान उशिरा निघतं ते धुळीमुळे, थंडीतल्या पहाटेच्या धुक्यामुळे किंवा गर्दीमुळे. तिथे रात्रभर बर्फ पडला होता. उडण्याआधी प्रत्येक विमानाच्या पंखांवर औषध फवारून बर्फ काढतात आणि त्याची रांग असते. एवढी वर्षं मी युरोपची वेळ सांगतो आहे आणि माझ्या हिशोबात पंखांवरचा बर्फ कधी आलाच नव्हता. वाळवंटात बसून केलेला हिशोब होता तो. पंचवीस मिनिटं गेली.

आमच्या घड्याळात अकराला पाच कमी असताना फोन आला.

"बाबा, गेट क्लोज झालं. मी पळालो. विमान समोर दिसतंय, पण दार बंद केलं."

मी पुढची विमानं उघडली. शुक्रवार असल्याने सगळी भरलेली. जागा होती ती संध्याकाळी, लिस्बनला सव्वानऊला. परतीचं विमान शनिवारी सकाळचं. मी हिशोब केला. दहा तास झुरिकला बसायचं, लिस्बनला पोचेपर्यंत समारंभ आटपलेला, जेवणं झालेली, हॉल रिकामा, आणि सकाळी पुन्हा विमानतळ. ज्या कामासाठी जायचं ते काम साडेबाराला होतं.

"बाबा, काय करू? रात्री गेलो तर?"

"आता जाऊन काय करणार?" मी म्हणालो. "खलास, ओंकार. परत जा."

तो "ओके बाबा" म्हणाला.

शुभांगी मागे उभी होती. "काय सांगितलंत त्याला?"

"परत जायला."

तिने आत जाऊन टीव्हीला लॅपटॉप कसा जोडायचा ते मला विचारलं, एवढंच.

साडेतीनला, तिकडच्या साडेबाराला, पडद्यावर इरा दिसली. लाल साडी, केसांत कुठून तरी मिळवलेली पांढरी फुलं. पहिलं वाक्य, "ओम्या कुठाय?"

"बर्फामुळे विमान चुकलं," मी म्हणालो. "तो परत गेला."

मी जे बोललो त्यात एकही शब्द खोटा नव्हता. झुरिकचा बेत माझा होता हे बोललो नाही, परत मी पाठवलं हेही बोललो नाही. तिचा चेहरा मी पाहिला. मोठ्या पडद्यावर सगळं दिसतं. मिगेल हसत होता आणि उजवा कान कॅमेऱ्यापुढे करून दाखवत होता. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला मागे घेतलं.

त्यानंतर दोन वर्षं भावंडांचं बोलणं वाढदिवसापुरतं उरलं. इराने ओंकारला विचारलं होतं, परत का गेलास? तो म्हणाला, "काम होतं." हे मला पुष्कळ नंतर कळलं. मी त्याला म्हटलं, "खरं का नाही सांगितलंस?" तर तो म्हणाला, "काय सांगू? बाबांचं प्लॅनिंग चुकलं असं?" ज्या घरात बापाच्या प्लॅनिंगशिवाय कोणी मुंबईसुद्धा गाठत नाही, त्या घरातला मुलगा तो.

मीही बोलून टाकायला हवं होतं. पण दर खेपेला वाटायचं, फोनवर नको, भेटल्यावर सांगू. भेट होत नव्हती. संध्याकाळी मुशैरिबहून मेट्रोने परत येताना मी मनात ती ओळ म्हणायचो. दोन हजार सातशे पन्नास. चार तास वीस. एवढंच तर अंतर होतं. रोज माझ्या हाताखालून माणसं ते ओलांडत होती. कुरियन साहेब त्या दोन वर्षांत तीनदा ओलांडून आले. शुभांगी एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "विमान चुकलं ते बर्फाने. पोचणं चुकलं ते तुमच्यामुळे." रागाने नव्हे, साधंच. मला ते बोलणं बरं वाटलं, कारण निदान कोणीतरी हिशोब बरोबर मांडला होता.

यंदा योग आला. ओंकारला ऑफिसने पुण्याला पाठवलं. त्याच पंधरवड्यात इरा आणि मिगेल पहिल्यांदा सिन्नरला यायचे होते, आणि आम्ही दोघं त्यांच्याबरोबर दोह्याहून जाणार होतो. तिकिटं अर्थात माझ्याकडे आली. मी असं बसवलं की लिस्बनचं विमान दुपारी बाराला दोह्यात उतरेल, ओंकारचं मुंबईहून एकला, त्याचं पुढचं वॉर्साचं पाचला, आमचं मुंबईचं साडेपाचला. चार तास मध्ये. कंपनीच्या कोणत्याही माणसाला एवढं कनेक्शन दिलं असतं तर त्याने माझ्या नावाने बोटं मोडली असती. दोघांनाही आधी सांगितलं. इरा "बरं" म्हणाली. ओंकार "ओके बाबा" म्हणाला. ते 'ओके' मला ओळखीचं होतं.

आमच्याकडे बोर्डिंग पास होते, म्हणून आम्ही आत जाऊन थांबलो. बाराला इरा आली. मिगेलने शुभांगीला वाकून नमस्कार केला, तोही इतका खोल की मागच्या माणसाची ट्रॉली त्याला लागली. हसणं झालं. खुर्च्या पकडल्या. शुभांगीने डब्यातले रव्याचे लाडू काढले. ओंकारच्या विमानाला एक तास होता. मी इराला म्हटलं, "तुला एक सांगायचं आहे. तो यायच्या आत."

मी सांगितलं. झुरिकचं सांगितलं. पंचेचाळीस मिनिटं, बर्फ.

"झुरिक तुमचं होतं ते मला त्याच दिवशी कळलं होतं, बाबा," ती म्हणाली. "ओम्या सिनेमाला अर्धा तास आधी जातो. तो स्वतःहून असलं कनेक्शन घेणार नाही. मी त्यासाठी रागावले नव्हते."

"मग?"

"तो परत का गेला? रात्री दहाला आला असता तरी चाललं असतं. मी त्याच्यासाठी ताट झाकून ठेवलं होतं. सगळे गेल्यावरसुद्धा."

"परत मी पाठवलं त्याला. मी म्हणालो, आता जाऊन काय करणार."

मिगेलला भाषा कळत नव्हती, पण त्याने लाडू खाणं थांबवलं.

"दोन वर्षं?" ती म्हणाली. "दोन वर्षं तुम्ही मला हे सांगितलं नाहीत?"

मी नाही म्हणून मान हलवली. ती उठली आणि काचेशी जाऊन उभी राहिली. शुभांगी माझ्याकडे न बघता म्हणाली, "राहू द्या. उभी राहू दे थोडी."

ओंकारचं विमान चार मिनिटं आधी उतरलं. तो पाठीवर बॅग घेऊन आला, आम्हा सगळ्यांपासून चार हातांवर थांबला. इरा काचेकडून वळली.

"ताई," तो म्हणाला.

"तुला अक्कल नाही का रे?" ती म्हणाली. "बाबा परत जा म्हणाले आणि तू गेलास? मी काय म्हणते ते विचारायला फोन नव्हता तुझ्याकडे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं.

"सांगितलं मी," मी म्हणालो.

"सगळं?"

"सगळं."

"मला वाटलं तू बिझी असशील," तो इराला म्हणाला, आणि मग इंग्रजीत, "तुझं लग्न होतं ना."

ती रडली आणि हसली, दोन्ही एकदम, आणि त्याच्या पाठीवर एक गुद्दा घातला. गुद्दा बॅगेवरच बसला. मिगेलला एवढं नक्की कळलं की आता आपली पाळी आहे. तो उठला, गुडघ्यात वाकला आणि उजवा कान ओंकारपुढे केला. दोन वर्षांत तो कानपिळी विसरला नव्हता. ओंकारने हात उचलला.

इराने मध्ये तळहात घालून तो कान झाकला.

"इथे नाही. हे ट्रान्झिट आहे. घरी येऊन पिळ."

"कधी?"

"तू सांग कधी."

मी सवयीने फोन काढला होता. शुभांगीने माझ्या मनगटावर हात ठेवला. मी फोन परत खिशात टाकला.

ओंकार तीन महिन्यांनी लिस्बनला गेला. तिकीट त्याने स्वतः काढलं, मला फक्त कळवलं. थेट विमान, लग्नाची तारीख होती तिच्या आदल्या दिवसाचं. मी एकच काम सांगितलं होतं. दाराला कुलूप लावशील ती वेळ लिही आणि तिच्या उंबऱ्यात उभा राहशील ती वेळ लिही. दुपारी त्याचा निरोप आला, "कुलूप लावलं." खाली वेळ होती. मी वही काढून पेन्सिलीने ती लिहून ठेवली. विमान वेळेवर सुटलं, वेळेवर उतरलं. पंखांवर या वेळी बर्फ नव्हता, मी आधीच पाहून घेतलं होतं. मग काहीच आलं नाही. एक तास गेला, दोन गेले. मी वही उघडी ठेवून बसलो होतो.

नंतर फोटो आला. मिगेलचा चेहरा वेदनेने नव्हे, आनंदाने वाकडा झालेला, कान लालबुंद, ओंकारची दोन बोटं आईने शिकवल्याप्रमाणे नेमकी. मागे टेबलावर जेवण मांडलेलं. एका ताटावरची झाकणी काढून बाजूला ठेवलेली दिसत होती. फोटो इराने काढला असणार, कारण ती त्यात नव्हती.

दुसऱ्या दिवशी ओंकारचा निरोप आला. "सॉरी बाबा, पोचल्याची वेळ लिहायला विसरलो. दार उघडलं आणि सगळे एकदम बोलायला लागले."

विमान उतरल्याची वेळ माझ्याकडे आहे. विमानतळापासून तिचं घर किती हेही माहीत आहे. हिशोब काढून रकाना भरता येईल, फार तर दहा मिनिटांचा फरक पडेल. मी पेन्सिलीची ती एक वेळ खोडून टाकली.

त्या ओळीखाली मी आणखी एक ओळ लिहिली आहे. दोहा–लिस्बन, पाच हजार आठशे किलोमीटर. तिचाही तिसरा रकाना मोकळा आहे. तो आम्हा दोघांनाच भरायचा आहे आणि त्यासाठी रोज सकाळी मी पुन्हा व्हिसाची ती वेबसाइट उघडतो.

फोटो आला त्या वेळी शुभांगी चष्मा शोधत होती. मी फोन तिच्यापुढे धरला. तिने बराच वेळ पाहिला, बोटांनी मोठा करून कान पाहिला, मग ताट पाहिलं.

"किती वेळ लागला म्हणे त्याला?" तिने विचारलं.

"पोचला," मी म्हणालो.